सहा दाते, एकवीस दाते

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळीच दादाचा फोन आला. रविवारी सकाळी दादाचा फोन म्हणजे दोनच शक्यता. एक तर कुणाचं तरी लग्न ठरलंय किंवा काहीतरी मोडलंय. या वेळी तिसरंच निघालं.

"अरे, तुह्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, पाय बरं. बसूनच नाही रायला."

फोटो पाहिला. दादाने नाशिककडच्या एका बागायतदाराचा जुना मल्चर विकत घेतला होता. कापूस संपला की पऱ्हाटी बारीक करून जमिनीतच मुरवायची, जाळायची नाही, बोंडअळीलाही आसरा राहत नाही, असा एकूण सुंदर बेत. मल्चर आला, अंगणात उतरला, सगळ्या गल्लीने येऊन पाहिला. पण ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर शाफ्टचं तोंड काही केल्या बसेना. जाडी तर तीच दिसत होती. वंगण लावलं, हातोडीने ठोकूनही पाहिलं (आमच्याकडे कुठल्याही रोगावर हा पहिला उपचार).

"दादा, दाते मोज," मी म्हटलं.

"दाते?"

"ट्रॅक्टरच्या दांड्यावर किती खाचा आहेत ते, आणि शाफ्टच्या तोंडात आतून किती आहेत ते."

पाच मिनिटांनी परत फोन. ट्रॅक्टरला सहा, शाफ्टला एकवीस. "पण टर्नर म्हणते दोन तासांत जोड बनवून देतो. एका बाजूनं सहा, दुसऱ्या बाजूनं एकवीस. मग काऊन अडते?"

का अडते ते मी फोनवर सांगायचा प्रयत्न केला आणि नीट जमलं नाही. म्हणून हे सगळं इथे लिहितोय. आमचे बरेच नातेवाईक हल्ली इथे येऊन वाचतात असं कळलंय (प्रतिक्रिया मात्र देत नाहीत, फोन करतात!). शेतीशी संबंध नसलेल्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही, पुढे एक लग्न आणि एक धोतर आहे.

तर आधी पीटीओ म्हणजे काय. ट्रॅक्टरच्या मागे, दोन मोठ्या चाकांच्या मधोमध, वीतभरही नसलेला एक दांडा बाहेर आलेला असतो. इंजिनाची ताकद चाकांना न देता किंवा चाकांबरोबरच या दांड्याला देता येते. दांडा गरगर फिरतो, त्याला जोडलेला शाफ्ट फिरतो आणि शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं अवजार चालतं. नांगर, वखर, पेरणी यंत्र ही नुसती ओढायची अवजारं, त्यांना हा दांडा लागत नाही. रोटावेटर, मळणी यंत्र, कुट्टी मशीन, फवारणीचा ब्लोअर, डायनामो, मल्चर यांचा सगळा जीव त्या दांड्यात. १९१८ साली अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने असा दांडा असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याआधी ओढत न्यायच्या कापणी यंत्राला ताकद मिळायची ती त्याच्या स्वतःच्याच चाकातून. चिखलात चाक घसरलं की कापणी बंद!

मग प्रत्येक कंपनीने आपापल्या मापाचा आणि वेगाचा दांडा काढला असता तर शेतकऱ्याला एका ट्रॅक्टरचं अवजार दुसऱ्याला लावता आलं नसतं. म्हणून १९२०च्या दशकातच तिथल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने ५४० फेरे मिनिटाला हे प्रमाण ठरवलं. पुढे ट्रॅक्टर मोठे झाले, तशी १९५८ साली १००० फेऱ्यांची जोड मिळाली. आपल्याकडे भारतीय मानक ४९३१ मध्ये याचे तीन प्रकार दिले आहेत. पहिला ३५ मिलिमीटर जाडीचा, सहा दात्यांचा, ५४० फेऱ्यांचा. दुसराही ३५ मिलिमीटरचाच, पण एकवीस दात्यांचा आणि १००० फेऱ्यांचा. तिसरा ४५ मिलिमीटरचा, वीस दात्यांचा, १००० फेऱ्यांचाच, मोठ्या ट्रॅक्टरांसाठी. आपल्या गावाकडे दिसतात ते जवळपास सगळे पहिल्या प्रकारचे.

१००० कशाला हवेत, असा प्रश्न दादाने विचारला नाही पण मला पडला होता. ताकद म्हणजे पीळ गुणिले वेग. ४० एचपी ५४० वर द्यायची तर शाफ्टला जेवढा पीळ सोसावा लागतो, त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त पिळात १००० वर काम भागतं. म्हणजे तेवढ्याच जाडीच्या लोखंडातून जास्त ताकद नेता येते. ऊस चरकात घालताना जोर लावून सावकाश फिरवा किंवा हलक्या हाताने भराभर फिरवा, रस निघायचा तेवढाच निघतो. (उपमा अगदी बरोबर नाही, पण वहिनीला पटली.)

आता गंमत पाहा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराची जाडी एकच. दाते मात्र जाणूनबुजून वेगळे ठेवले, म्हणजे चुकीचं अवजार चुकीच्या वेगावर बसूच नये. दादाला दोन तास छळणारा तो दांडा त्याचं काम चोख करत होता! आणि टर्नर जो जोड करून देणार होता, तो म्हणजे कुलपाची बनावट किल्ली.

बरं, समजा जोड बनवला. १००० साठी बनलेला मल्चर ५४० वर फिरला असता. त्याचे हातोडे पऱ्हाटीला ज्या जोराने हाणतात तो जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग निम्मा झाला तर मार चौथ्या हिश्शावर येतो. पऱ्हाटी तुटली नसती, नुसती चघळली गेली असती. मग दादाने काय केलं असतं? ॲक्सिलरेटर ओढला असता. हे मी पैजेवर सांगतो, कारण आमच्या घरात, गल्लीत आणि बहुधा साऱ्या तालुक्यात कुठलंही यंत्र नीट चालेना की ॲक्सिलरेटर ओढतात. उलट्या चुकीचं तर बोलायलाच नको. ५४० चं अवजार १००० वर फिरलं तर त्याच्या फिरत्या भागांवरचा ताण साडेतीन पटीच्या आसपास जातो. पातं सुटलं तर ते कुठे जाईल हे पात्यालाच माहीत.

आणि ५४० हा आकडासुद्धा दांड्यावर कोरलेला असला तरी दांड्यात नसतो, तो आपल्या हातात असतो. ट्रॅक्टरच्या मीटरवर एका ठिकाणी ५४० ची खूण असते. इंजिन त्या फेऱ्यांवर ठेवलं तरच मागे ५४० मिळतात. समजा एखाद्या ट्रॅक्टरला ती खूण १८०० वर आहे. इंजिन १५०० वर ठेवलं तर मागे ४५०, आणि २२०० पर्यंत ओढलं तर ६६०. दादाच्या ट्रॅक्टरचं मीटर गेली चार वर्षं बंद आहे. तो आवाजावर चालवतो. "आवाजावरून कळते मले," म्हणतो. कळतही असेल. मला मात्र नेहमी शंका येते, कारण जो आवाज त्याला बरोबर वाटतो तो शेजारच्या वावरापर्यंत ऐकू जातो.

लग्नाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. २००६-०७ च्या सुमारास विजेचं भारनियमन इतकं होतं की गावाकडे लग्नपत्रिका छापण्याआधी डायनामोवाला ठरवावा लागे. डायनामो ट्रॅक्टरच्या पीटीओवर. आपली वीज ५० सायकलची, त्यासाठी साधारणपणे असल्या डायनामोला १५०० फेरे लागतात, म्हणजे ५४० चे पुढे पावणेतीन पटींहून थोडे जास्त करायचे. डिझेल ट्रॅक्टरवाल्याचं, भाडं ठरलेलं. त्यामुळे पाहुणे जेवायला बसले की हा भला माणूस हळूच ॲक्सिलरेटर खाली करायचा. पंखे मलूल, दिवे पिवळे, ट्यूबलाइटी मिचमिच. आमच्या चुलत बहिणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत ध्वनिक्षेपक बंद पडला. मांडवातून एक मामा ओरडले, "अरे ओढ ना बे जरासा!" त्याने ओढला. इतका ओढला की मांडवाच्या तोंडचे तीन हॅलोजन एकापाठोपाठ एक फटाफट फुटले. वरातीतल्या पोरांना वाटलं फटाके, ती नाचायला लागली. त्या डायनामोने मला पीटीओचा पहिला धडा दिला, फक्त तो धडा आहे हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

प्रत्येक अवजाराचं ५४० शी वेगळं नातं असतं. रोटावेटर ५४० घेतो आणि स्वतःच्या गिअरबॉक्समध्ये तो वेग बराच कमी करून पात्यांना देतो. ब्लोअरमध्ये उलटं, पंख्यासाठी वेग वाढवलेला असतो. आणखी एक नवी भानगड म्हणजे इकॉनॉमी पीटीओ. त्यात इंजिन कमी फेऱ्यांवर असूनही मागे ५४० मिळतात, डिझेल वाचतं. फवारणीसारख्या हलक्या कामाला उत्तम. पण दादाने डिझेल वाचतं एवढंच ऐकलं आणि भरल्या हडंब्याला तो दांडा टाकला. इंजिन गुदमरलं. कमी फेऱ्यांवर इंजिनाची ताकदही कमीच असणार, ते फुकट कुठून देणार?

हडंबा हा शब्द पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: ट्रॅक्टरवर चालणारं मोठं मळणी यंत्र. त्याच्या आवाजाला आणि रूपाला याहून चांगलं नाव कुणालाही सुचलं नसतं. घाटावर, म्हणजे आमच्या चिखली-मेहकरकडे, सोयाबीन आल्यापासून दसरा-दिवाळी म्हणजे हडंबा. सुडी लावलेली असते, आभाळ भरून येत असतं, हडंबेवाल्याचा नंबर लागत नसतो. तो येतो तेव्हा त्यालाही पुढच्या वावरात जायचं असतं. भाडं पोत्यावर. मग काय होणार, ओढ!

सोयाबीनचं बी फार नाजूक. साल पातळ, आणि अंकुर अगदी त्या सालीखालीच. गहू जो मार सहज सोसतो तो याला सोसत नाही. बाहेरून दाणा छान पिवळा दिसतो आणि आतून मेलेला असतो. कृषी विद्यापीठांची शिफारस आहे की बियाण्याचं सोयाबीन १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना मळावं आणि ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवावेत. ड्रमचे फेरे पुलीवर अवलंबून, पण पुली पीटीओवर आणि पीटीओ त्या घाईत असलेल्या माणसाच्या उजव्या हातावर.

२०१९ च्या ऑक्टोबरात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आठवतं ना? सुड्या भिजल्या. २०२० च्या जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडा-विदर्भातून तक्रारींचा ढीग पडला. आमच्याकडे त्या वर्षी दोन प्रकारचं घरचं बी होतं. एक हडंब्यातून काढलेलं. दुसरं वहिनीने काढलेलं, म्हणजे त्याच वावरातल्या, त्याच पावसात भिजलेल्या सुडीतला थोडा भाग तिने बाजूला वाळवून ताडपत्रीवर काठीने बडवला होता. सगळे हसले होते तिला. मे महिन्यात तिनेच ओल्या गोणपाटात दोन्हीचे शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवले. बियाण्याची उगवण निदान ७० टक्के हवी असा दंडक आहे. हडंब्याच्या शंभरांतले ५४ उगवले, काठीच्या शंभरांतले ७८. पाऊस दोघांनाही सारखाच लागला होता.

दादा अजूनही म्हणतो, पावसानंच झालं. वहिनी काही म्हणत नाही. पण दर वर्षी बियाण्यापुरतं सोयाबीन ती आधी काढते आणि त्या वेळी स्वतः ट्रॅक्टरपाशी उभी राहते. हडंबेवाल्याने ॲक्सिलरेटरला हात लावला की नुसती पाहते. तेवढं पुरतं.

आता धोतर.

आमचे काका, वडिलांचे थोरले भाऊ, आता ऐंशीच्या घरात आहेत. १९९१ च्या उन्हाळ्यात गव्हाची मळणी चालली होती. काका पोतं घ्यायला पलीकडे निघाले आणि वळसा घालायच्या ऐवजी चालता शाफ्ट ओलांडून जायला लागले. धोतराचा सोगा शाफ्टच्या सांध्यात अडकला. पुढे आमच्या घरात ही गोष्ट जशी सांगितली जाते तशीच सांगतो: काकांनी ट्रॅक्टरला धोतर नेसवलं! काका आपटले, मांडीचं हाड मोडलं, अंगावर सदरा तेवढा शिल्लक. आत्या पदर तोंडाला लावून हसायची. प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेराव्याला ही गोष्ट निघायची. काकाही हसायचे. अकोल्याच्या दवाखान्यात दोन महिने काढले, पाय इंचभर आखूड झाला, चालताना एका बाजूला कलतात. पण गोष्ट विनोदीच राहिली. मी स्वतः कॉलेजात नकलेसकट सांगितलीय.

दादाशी बोलल्यावर त्या रविवारी मी सहज कागद घेऊन बसलो. ५४० भागिले ६०. सेकंदाला नऊ फेरे. शाफ्टच्या सांध्याची रुंदी दहा सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात ३१ सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं. सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वर. पाच वारी धोतर साधारण साडेचार मीटर. म्हणजे दोन सेकंदही नाहीत. आणि कापडाचे थर चढले की घेर वाढतो, म्हणजे त्याहूनही लवकर. माणसाला काहीतरी ओढतंय हे कळून हात हलवायलाच अर्धा सेकंद जातो.

कागद तसाच ठेवला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

काका वाचले कारण धोतर जुनं होतं. सुती, धुऊन धुऊन विरलेलं, ते फाटलं. काकू त्या वर्षी संक्रांतीला नवीन धोतरजोडी आणा म्हणून मागे लागली होती आणि काकांनी चालढकल केली होती, हाही त्या विनोदाचाच एक भाग आहे. आता वहिनी सोयाबीन टाकताना कुटार डोळ्या-नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला स्कार्फ बांधते. दोन मीटरचा, नायलॉनसारखा, चिवट. पुतण्या मागे दोऱ्या लोंबणारी टोपीची जर्सी घालून हिंडतो. ही कापडं फाटत नाहीत. आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर? ते दादाने आणल्या वर्षीच काढून ठेवलं, ग्रीस मारायला मधे येतं म्हणून. गावात कुणाच्याच शाफ्टवर ते दिसत नाही. मळणी यंत्रांच्या अपघातांसाठी १९८३ सालीच केंद्र सरकारने कायदा केलाय, यंत्राला संरक्षण हवं, अपघात झाल्यास भरपाई हवी, सगळं त्यात आहे. कव्हर मात्र गोठ्याच्या माळ्यावर.

दिवाळीला गेलो तेव्हा जाताना बुलडाण्याहून नवं कव्हर घेतलं, साखळ्यांसकट. साखळी ट्रॅक्टरला अडकवायची असते, म्हणजे आत शाफ्ट फिरतो आणि वरचं कव्हर स्थिर राहतं. साखळी लावली नाही तर तेही बरोबर फिरतं आणि मग त्याचा काही उपयोग नाही. दादा आधी चिडला. पुण्याहून येऊन शिकवतो म्हणाला. मी तो आकडेमोडीचा कागद खिशातून काढला आणि काही न बोलता त्याच्या हातात दिला. दादा हिशेबाला पक्का आहे. त्याने दोनदा वाचला, मग आत जाऊन वहिनीचा स्कार्फ आणला आणि ओट्यावर पसरून वितीने मोजला. नऊ विती भरल्या. "एक सेकंद नाही पुरत," एवढंच म्हणाला.

कव्हर बसवायला आम्हाला अर्धा दिवस लागला. ग्रीस मारायला खरंच मधे येतं, दादाचं त्यात चूक नव्हतं. मल्चर अजून कडुलिंबाखाली उभा आहे. टर्नरचा जोड रद्द, ५४० चा गिअरबॉक्स बदलून मिळतो का याची चौकशी चालू आहे. मिळाला नाही तर विकावा लागेल, आणि त्याबद्दल पुढची दोन वर्षं मी ऐकून घेणार आहे.

काम चाललं होतं तेव्हा काका ओट्यावर बसून पाहत होते. ट्रॅक्टर बंद, चावी दादाच्या खिशात, हडंबा जोडलेला, मधे शाफ्ट. दुपारी काकूने पलीकडून चहाला हाक मारली. मी आणि दादा शाफ्टवरून पाय टाकून सरळ गेलो. काका उठले, काठी घेतली, हडंब्याच्या मागून पूर्ण वळसा घातला, उन्हातून, त्या आखूड पायाने, आणि सावकाश चहाला आले. दादा म्हणाला, काका नेहमीच असं येतात. मी तीस वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.